गरम आलं, सरका

बोगालुसा, लुईझियाना
१४ नोव्हेंबर १९८३

चि. लाव्हेल यास आईचे अ. उ. आ.

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. हॉटेलचा कागद एवढा जाड नि गुळगुळीत, आणि त्यावर तू लिहिल्यास पाच ओळी. मागची बाजू कोरी. कागद फुकटचा असला म्हणून काय झालं, अशी नासाडी आपल्या घरात कुणी केलेली नाही. फोनवर तर तू ‘बरं आहे’च्या पुढे जात नाहीस, त्याला दूरच्या फोनचे पैसे कशाला घालायचे? पत्रच लिही, आणि खरं लिही.

तुझे बाबा पेपरातला बास्केटबॉलचा गुणतक्ता रोज माझ्यापुढे ठेवतात. तुमच्या संघात तीन तीन नावाजलेले खेळाडू. परवाचे निम्म्याहून जास्त गुण त्या तिघांचेच, तरी तुम्ही हरलात. जमेच्या बाजूला एवढ्या मोठ्या रकमा आणि खाली शिल्लक काही नाही, म्हणजे कुठेतरी गळती आहे. तुझ्या नावापुढे तर नुसतं शून्य.

हॉलिसमामा सांगत होता, नव्या वर्षात कागद गिरणीत एक जागा निघते आहे आणि फोरमन ती तुझ्यासाठी धरून ठेवायला तयार आहे. मी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तुझ्या मनात काय आहे ते कळव.

मोठ्यांशी नम्रतेने वाग, आवाज चढवू नकोस, रविवारची प्रार्थना चुकवू नकोस. बाबांचा आशीर्वाद. माया आहेच, ती पत्रातून मागावी लागू नये.

तुझी आई
ऑर्थेलिया मगी

*

डेन्व्हर, हॉटेलातून
२७ नोव्हेंबर १९८३

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तू खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. मला बहुतेक परत पाठवतील. नाताळ झाला की संघाची यादी पक्की होते, आणि तीत माझं नाव असेल असं मला वाटत नाही.

नवख्याने करायची कामं मी सगळी करतो. चेंडूंची पिशवी उचलतो, सकाळी मोठ्यांसाठी डोनट आणतो, त्या तिघांतल्या पेटवेसाहेबांना दालचिनीचा लागतो हेही पाठ आहे. चुकतं ते मैदानावर. मी उंच, म्हणून बचावात सगळ्यांच्या मागे, बास्केटखाली उभा असतो. पुढचं सगळं मलाच दिसतं. समोरच्या संघाचा एखादा आडदांड गडी आपल्या माणसाच्या पाठीमागे मुद्दाम भिंतीसारखा येऊन उभा राहतो. आपला माणूस वळला की थेट त्याच्यावर आदळतो. तेव्हा मी ओरडून सावध करायचं असतं.

परवा अॅल्टन पेटवेंच्या मागे असाच एक आला. आई, ते बत्तीस वर्षांचे, त्यांची चित्रं माझ्या खोलीत होती. मी म्हटलं, “साहेब, जरा डावीकडे बघता का?” माझं म्हणून होईपर्यंत त्यांचा ओठ फुटला होता.

प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, “मुके खांब मैदानावर आधीच दोन आहेत, मला तिसरा नकोय.” आमचे तिघे मोठे एकमेकांशी बोलत नाहीत, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बोलावं. आणि मी बोलत नाही, कारण थोरांवर ओरडायचं नाही हे माझ्या हाडात आहे.

गिरणीची जागा मामाला धरून ठेवायला सांग. कागद दोन्ही बाजूंनी भरला आहे. बाबांना नमस्कार. रागावू नकोस, एवढीच विनंती.

तुझा
लाव्हेल

*

बोगालुसा
५ डिसेंबर १९८३

चि. लाव्हेल यास अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. बाबांनी घडी घालून खिशात ठेवलं.

तुला शिकवलं ते बरोबरच आहे आणि मी त्यातला शब्दही मागे घेणार नाही. पण बाळा, चर्चच्या बाकावरची रीत वेगळी आणि चर्चच्या स्वयंपाकघरातली वेगळी. लहानपणी तू तिथे बटाटे सोलायला बसायचास, आठवून बघ. वार्षिक जेवणाच्या दिवशी गावातल्या सगळ्या नामांकित सुगरणी त्या एवढ्याशा खोलीत. एकीचा गंबो रस्सा, एकीचा रताळ्याचा गोड केक, आणि प्रत्येकीला वाटतं चूल आपलीच. मी नवी सून होते. उकळतं पातेलं घेऊन निघाले आणि वाटेत पाठमोऱ्या उभ्या चर्चमधल्या सगळ्यांत थोर बाई, मदर झेनोबिया. सगळा गाव त्यांच्यापुढे टोपी काढतो. मी लाजून गप्प राहिले असते तर त्या भाजल्या असत्या. मी ओरडले, “गरम आलं, सरका!” त्या मागे न बघता सरकल्या. नंतर मला म्हणाल्या, “पोरी, आवाज चांगला आहे तुझा, पुढच्या वर्षीही तूच पातेलं उचल.”

तेव्हा हातात पातेलं आहे असं समज. ज्याला दिसतं त्याने ओरडायचं, त्यात वय बघत नाहीत. मैदानाबाहेर आलास की खुशाल साहेब म्हण.

गिरणीचं मी मामाला अजून काही सांगितलेलं नाही. जाड मोजे पाठवते आहे, टाचा दुहेरी विणल्या आहेत. तुझ्यासाठी रोज मागणं मागते, देवाला माझा आवाज ओळखीचा आहे.

आई

*

२९ डिसेंबर १९८३

सौ. ऑर्थेलियामावशींस अॅल्टन पेटवेचा सा. न. वि. वि.

ओळख नसताना लिहितो आहे, क्षमा असावी. पत्ता तुमच्या मुलाकडून घेतला. कशासाठी हवा ते त्याला सांगितलं नाही.

नाताळच्या आधीच्या सामन्यात मी माझ्या नादात वळत होतो, तोच मागून आरोळी आली, “गरम आलं, सरका!” मावशी, मी विचार केला नाही. माझे पाय माझ्या आधी सरकले. मी अलाबामाचा, आजीने वाढवलेला. तिच्या स्वयंपाकघरात हे ऐकून जो सरकला नाही, त्याच्या पाठीवर अजून डाग असेल. ती जाऊन फार वर्षं झाली. त्यानंतर माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं. मी नाव कमावल्यापासून सगळे नुसते ‘छान खेळलात’ म्हणतात, हरलो तरी.

सामना संपल्यावर हा तुमचा सात फुटी मुलगा माझ्याकडे माफी मागायला आला. मी त्याला म्हटलं, “माफी मागितलीस तर उद्यापासून डोनट दुप्पट.” आता बाकीचे दोघेही ‘गरम’ म्हणून ओरडतात. एक तर न्यू यॉर्कचा आहे, त्याला अर्थ माहीत नाही, पण आवाज मोठा आहे. त्यानंतर आम्ही एकदाच हरलो. विजेते होऊ की नाही, देव जाणे. पण आम्ही आता एकमेकांशी बोलतो.

काल यादी लागली. प्रशिक्षकांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, तिघांपैकी कुणाला काढायचं असेल तर काढा, या पोराला राहू द्या.

त्याला ओरडू नको असं कृपा करून लिहू नका. लोभ नव्याने मागतो आहे, मिळावा.

अॅल्टन पेटवे

*

बोगालुसा
६ जानेवारी १९८४

चि. लाव्हेल यास आईचे अ. उ. आ.

पेटवेंचं पत्र आलं. मोठा माणूस, पण कागद दोन्ही बाजूंनी लिहिलेला, समासातसुद्धा जागा सोडलेली नाही. चांगल्या घरचा आहे. त्यांना म्हणावं, मोसम संपला की इकडे या. गंबो करीन, पण आमच्याकडे पाहुणा स्वयंपाकघरातूनच आत येतो. सरकायची सवय आहे, ते बरंच झालं.

तू आता हॉटेल सोडून एखादी लहानशी खोली बघ. लहानशीच.

गिरणीत निरोप द्यायला मामाला पाठवणार होते, तर बाबा म्हणाले मीच जातो. तुझे बाबा घरातही दोन शब्दांपलीकडे जात नाहीत, तुला माहीत आहे. फोरमन यंत्रांपाशी उभा होता, तिथे ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. बाबा ओरडले, “जागा दुसऱ्याला द्या, माझा लाव्हेल येणार नाही.” फोरमनने मान हलवली. मामा म्हणतो, तरी बाबांनी तेच पुन्हा एकदा ओरडून सांगितलं, पाळीवरचे सगळे कामगार वळून बघतील एवढ्या मोठ्याने.

माया आहे तशीच राहील, पत्रं मात्र थोडी वाढू देत.

आई