इंजिन खालून निघतं

२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दादाकडे तुम्ही मजेत आहात असं त्याच्या पत्रावरून समजलं. तुमच्या पत्रावरून फक्त चहा पातळ असल्याचं आणि लिफ्ट बंद असल्याचं समजलं. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. समोर असतानाही येत नाही, पण तेव्हा निदान मान हलवता.

बातमी अशी की दादाने आपलं गॅरेज रिकामं करायला काढलंय. एकतीस तारखेला भंगारवाला येऊन तुमची लाल स्पोर्ट्‌स गाडी उचलून नेणार. बाबांना विचारलंस का, असं मी त्याला विचारलं. त्याने लिहिलं की सव्वीस वर्षांपूर्वी क्लच जाळण्याचा मान त्याला मिळाला होता, तेव्हा विल्हेवाट लावण्याचाही त्यालाच मिळावा. चिडून लिहिलंय की कंटाळून, ते अक्षरावरून कळत नाही.

तोवर गाडी चालती झाली तर हात लावणार नाही, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. म्हणून नवा क्लच आणलाय. तो बसवायला इंजिन काढावं लागतं. तुमच्याकडे बंद का असेना, लिफ्ट आहे. आपल्या गॅरेजात तीही नाही, क्रेन नाही, खड्डा नाही. माझं शिवणाचं दुकान, दोन जॅक आणि समोरचे दंतवैद्य, एवढी सामग्री आहे. गणवेशांचं काम अजून सुरू व्हायचंय, त्यामुळे वेळही आहे.

कुठून सुरुवात करू ते कळवावं. नाही कळवलंत तरी करणारच आहे.

लोभ आहेच, तो वाढवताना उपदेश थोडा कमी केलात तर कागद पुरेल.

आपली,
ठमी


६ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून धन्य झालो. चाळीस वर्षं फोरमन म्हणून घालवली ती फुकटच. एक शिंपीण आणि एक दातांचा डॉक्टर नेमला असता तर कारखाना कुठल्या कुठे गेला असता. सदऱ्याची बाही उसवणं आणि दोनशे किलोचं इंजिन उतरवणं यांत थोडा फरक आहे. बाही पायावर पडली तर पाय राहतो.

तू ऐकणार नाहीस म्हणून लिहितो. या गाडीचं इंजिन सीटांच्या मागे आहे आणि ते खालून निघतं. ते वर उचलायचं नसतं. ते खाली टेकवायचं आणि गाडी त्याच्यावरून उचलायची. आधी बॅटरी सोडव. मग पेट्रोलची नळी, ऑइल, वायरी, केबली, सायलेन्सर, चाकांकडे जाणारे दोन दांडे. इंजिनाखाली बुटकी ढकलगाडी घाल. सगळं वजन तिच्यावर आलं की मगच मुख्य चार बोल्ट. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. माझे लोखंडी स्टँड मागच्या फळीखाली आहेत ते लाव. कुठला बोल्ट कुठला ते लिहून ठेव. मी कधी लिहिलं नाही, माझ्या लक्षात राहायचं.

इथे सगळं ठीक. तुझा दादा माझ्याशी दिवसातून दोन वाक्यं बोलतो. एक जेवणाचं, एक दिवा बंद करण्याचं. त्याचं तरी काय चुकलं, माझ्याकडेही तिसऱ्याचं उत्तर नाही.

आशीर्वाद हवे तितके घे, बोटं मात्र मोजून वापर.

बाबा


१३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बोटं दहा आहेत. दंतवैद्यांची धरून वीस.

बोल्ट लिहून ठेवले नाहीत. कटिंगच्या पुठ्ठ्यावर इंजिन काढलं आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचला. दंतवैद्य रोज दवाखाना बंद करून येतात. त्यांचं म्हणणं असं की काहीही ओढण्याआधी हलवून पाहायचं. नीट हललं नाही तर ते अजून कुठेतरी धरलेलं आहे. दोनदा त्यांचंच खरं निघालं, एकदा अर्थिंगची पट्टी आणि एकदा गिअरची केबल. इंजिनाला बधिर करण्याची सोय नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

इंजिन कापडाचे तागे वाहायच्या माझ्या ढकलगाडीवर व्यवस्थित उतरलं. मग मागून गाडी उचलत गेलो. थोडी डावीकडून, थोडी उजवीकडून, खाली ठोकळा, स्टँड एक खाच वर, पुन्हा तेच. स्टँड शेवटच्या खाचेवर आले आणि इंजिनाचा माथा मागच्या पत्र्याला बोटभर अडला.

चूक माझी. इंजिनाची उंची मी दुकानातल्या कापडी टेपने मापली आणि ती स्टँडवर कोरलेल्या आकड्यांशी ताडून पाहिली. टेप पंधरा वर्षांत ताणली गेलीय. गिऱ्हाइकांचं कधी बिघडलं नाही, कारण माप तिनेच घेते आणि कापतेही तिच्याच मापाने. लोखंडाने मात्र तिचं ऐकलं नाही.

आता गाडी हवेत, इंजिन तिच्या पोटाखाली आणि आम्ही दोघं स्टुलांवर. तोडगा कळवावा. हसून झाल्यावर कळवलात तरी चालेल, पण एकतीसच्या आत हसा.

आपली,
ठमी


१७ मार्च

चि. ठमीस,
अ. आ. वि. वि.

हसलो. तुझ्या दादाने दारातून डोकावून पाहिलं, पण काय झालं ते विचारलं नाही.

ढकलगाडीला चाकं आहेत ना? तीच तुझी बोटभर उंची. इंजिन जॅकवर जरासं उचलून धर आणि चाकं काढून टाक. उरलेल्या फळीखाली दुसरी लांब, गुळगुळीत फळी सरकव आणि दोन्हींच्या मध्ये ओला साबण चोपड. मग दोघांनी हळूहळू ओढा. साबणावर लोखंडाचाही ताठा उतरतो.

इंजिन बाहेर आलं की थांब. क्लच उघडू नकोस. गिअरबॉक्ससकट सगळं टेम्पोत घाल आणि एखाद्या कारागिराकडे पाठव. त्याने जुनी प्लेट फेकावी, नवी घालावी. आत बघण्यासारखं काही नसतं. जळलेली प्लेट सगळीकडे सारखीच दिसते.

तुझे दादासाहेब रोज दोन बस बदलून कचेरीत जातात. त्या दिवसापासून त्याने स्टीअरिंगला हात लावलेला नाही. काही जणांच्या हाताला यंत्र कळत नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

ऐकशील अशी आशा नाही, पण लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

बाबा


२१ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

इंजिन बाहेर आलं. साबणाच्या तीन वड्या लागल्या. दंतवैद्यांनी हात धुतले आणि सवयीने इंजिनाला सांगितलं की दोन तास काही खाऊ नका.

क्लच उघडू नकोस असं तुम्ही लिहिलंत म्हणून उघडला. तुमच्या लक्षात यायला हवं होतं की मी तुमचीच मुलगी आहे.

कव्हरचे सहा बोल्ट काढले आणि प्लेट हातात आली. ती जळलेली नाही. अस्तर जवळजवळ कोरं आहे. तिच्या एका बाजूवर कोरलंय की ही बाजू फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाकडे, ठेवावी. ती अक्षरं माझ्याकडे होती. प्लेट उलटी बसवलेली होती बाबा. तिच्या मधला उंचवटा फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासून चकचकीत झालाय. अशा क्लचवर जगातल्या कुठल्याही माणसाला चालत्या गाडीत गिअर बदलता आला नसता.

बसवताना टॉर्च मी धरला होता. तुम्ही बोल्ट आवळत असताना आपल्या घरी कुणी बोलायचं नसे. आई कपबशीसुद्धा वाजू द्यायची नाही. ती अक्षरं मी तेव्हाही वाचली होती. विचारावंसं वाटलं. तुम्ही आवळत होतात.

मग तुम्ही चाचणी घेण्याआधीच दादा गाडी घेऊन गेला. दुसऱ्या चौकात अडकला. लोकांनी ढकलत आणून सोडला. फाटकात उभं राहून, सगळ्यांदेखत, तुम्ही त्याला सांगितलंत की क्लच जाळलास. मी तेव्हाही गप्प राहिले. तेव्हा तर तुम्ही काही आवळतही नव्हतात.

मी दादाला कळवणार नाही. तुम्ही दोघं एका भिंतीच्या अंतरावर राहता. टपालखर्चही वाचेल.

भंगारवाल्याला दहा दिवस आहेत, तुम्हाला त्याहून कमी.

आपली,
ठमी


२५ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

प्लेट करणाऱ्यानेच अक्षरं चुकीच्या बाजूला कोरली असतील.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे. सव्वीस वर्षं असलीच वाक्यं केली, एक तुझ्याकडेही असावं.

क्लच जळला की वास येतो, तो लपत नाही. त्या संध्याकाळी मी फाटकात होतो, गाडी माझ्यापासून दोन हातांवर होती. वास नव्हता. तेव्हाच संशय आला, पण तोवर ओरडून झालं होतं. पुन्हा उघडली असती तर दिसलं असतं, म्हणून उघडली नाही. लोकांना सांगितलं की ज्याला कदर नाही त्याच्यासाठी मी हात काळे करणार नाही. ऐकणाऱ्यांना ते फार बाणेदार वाटलं. मलाही वाटायला लागलं.

तुझ्या दादाला तोंडाने सांगायला गेलो. तो इस्त्री करत होता. मी उभा राहिलो, चहा पातळ असतो असं सांगितलं आणि परत आलो. म्हणून आज दुपारी पत्र लिहिलं आणि त्याच्या दाराखालून सरकवलं. तास होऊन गेला. दार अजून बंद आहे.

न बोलण्याचा नियम माझा होता. टॉर्च धरणाऱ्याचा त्यात दोष नाही.

आशीर्वाद देण्याइतकं आज माझ्याकडे शिल्लक नाही. मागच्या पत्रातले वापर.

बाबा


२९ मार्च

चि. ठमीस,
अ. आ. वि. वि.

वडिलांचं पत्र मिळालं. पाकिटावर माझं पूर्ण नाव आणि पत्ता होता, मजल्यासकट. तिकीट नव्हतं. आत चार ओळी. तीन प्लेटच्या बांधणीबद्दल, चौथी माझ्याबद्दल. चौथी किती वेळा वाचली ते तुला सांगणार नाही.

बाहेर आलो तेव्हा ते पिशवी भरून, काठी घेऊन टेबलाशी बसले होते. कुठे निघालात असं विचारलं. म्हणाले की तू घालवशील तिकडे. मी सांगितलं की घालवायला गाडी लागते, आणि ती आपल्या घरी हवेत लटकलीय.

सव्वीस वर्षं मी बसच्या रांगेत उभा राहून स्वतःच्या डाव्या पायाला दोष दिला. आता पाय निर्दोष सुटला. त्याची भरपाई कुणी करायची, ते पत्रात नाही. माफ केलंस का, असं तू विचारशील. अजून नाही. पण दिवसाची वाक्यं दोनावरून वीसवर गेली आहेत आणि त्यांतली अठरा भांडणाची आहेत. प्रगती मानायला हरकत नाही. तुझ्या गप्प राहण्याबद्दलची दोन-तीन वाक्यंही तयार आहेत. ती समोर आल्यावर ऐकवीन.

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलंय. शनिवारी आम्ही दोघं येतो. नवी प्लेट तोवर बसवू नकोस. कुठली बाजू कुठे यावर वडिलांना आता मत नाही, आणि ते पाहण्यासारखं आहे.

काल कचेरीतून लवकर निघून वाहन परवान्याच्या कार्यालयात गेलो. माझा जुना परवाना पाहून कारकुनाने सांगितलं की मुलाला स्वतः यायला सांगा. नवा अर्ज भरला. नवव्या रकान्यात विचारलं होतं की अर्जदाराच्या हातून यापूर्वी एखाद्या वाहनाची हानी झाली आहे काय. मी ‘नाही’ लिहिलं. कारकुनाने न वाचता शिक्का मारला. मी अर्ज परत मागून घेतला, तो रकाना पुन्हा एकदा वाचला आणि मगच दिला. मागे रांग होती. होती तर होती.

तुझा,
दादा