बिशपसाहेबांच्या रिकाम्या कबरीबाबत

प्रति,
मा. सचिव महोदय,
धर्मप्रांत कार्यालय,
कॅथीड्रल चौक, बॅलिनकारा, आयर्लंड.

विषय : दिवंगत बिशप फेस्टस मुलकेरिन यांच्यासाठी इनिशदारा बेटावर खणलेली कबर रिकामी राहिल्याबाबत.
संदर्भ : आपले माझे फोनवर झालेले बोलणे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवितो की, मी इनिशदारा बेटाचा रहिवासी असून दिवंगत बिशपसाहेबांचा शेजारी आहे. आमच्या दोन घरांमध्ये एकच दगडी बांध आहे. बिशप झाल्यावरही ते दर ऑगस्टमध्ये येत, बाह्या सारून जळणाचे पीट, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या विटा, रचू लागत आणि माझ्या चहाला नावे ठेवत. बेटावरचा प्रत्येक माणूस त्यांना आपल्या घरचा समजत होता.

आमच्याकडे कबर शेजाऱ्यांनी खणायची असते. नातेवाइकांनी फावड्याला हात लावायचा नसतो. गेलेल्या माणसाला शेजाऱ्याने द्यायचा तो शेवटचा मान. गेल्या ऑगस्टमध्ये धक्क्यावर बिशपसाहेब सर्वांसमक्ष मला म्हणाले होते, "बार्टली, माझी जागा तूच खणायची. आणि अंगचोरी करू नकोस, माझे पाय लांब आहेत!" सबब निधनाची बातमी येताच आम्ही पहारी घेऊन निघालो. बेटावर माती वीतभर, खाली सगळा खडक. तरी त्यांच्या पायांचा अंदाज धरून ऐसपैस खणले.

आपल्या कार्यालयाने मात्र त्यांना कॅथीड्रलच्या फरशीखाली पुरले. आम्ही कपडे करून धक्क्यावर होडीची वाट पाहत उभे होतो, तेव्हा ही गोष्ट रेडिओवर कळली. आमचा विश्वासघात झाला आहे, असे येथे लेखी नमूद करतो.

उघडी कबर रिकामी बुजवायची नसते आणि तशीच ठेवली तर ती कोणाला तरी बोलावते, असे आम्ही मानतो. त्यामुळे बेटाचे दैनंदिन व्यवहार विस्कळीत झाले आहेत. म्हातारा कोलमन चारचौघांत खोकत नाही, कारण तो खोकला की लोक त्याच्या उंचीचा अंदाज घेतात. काल कबरीत एक मेंढी पडली. शेजारीण सोरखा सगळ्यांदेखत म्हणाली, "चला, मेंढी तरी आली बाई दिलेल्या शब्दाला जागून!" मेंढी सुखरूप बाहेर काढण्यात आली, त्यामुळे प्रश्न सुटलेला नाही.

तरी बिशपसाहेबांना बेटावर पाठविण्यात यावे. ते शक्य नसल्यास त्यांचे बूट किंवा जुनी टोपी पाठवावी, आम्ही रीतसर प्रार्थना म्हणून पुरू. तेही नियमात बसत नसेल, तर माझे वय लक्षात घेऊन ती जागा माझ्या नावे मंजूर करावी. माझे पाय आखूड आहेत, पण चालवून घेईन.

आता शेवटची बाब, आणि ती फक्त आपल्यासाठी. कार्यालयाने परस्पर ठरवले, असे मी बेटावर सांगितले आहे. परंतु फोन ठेवता ठेवता आपण म्हणालात, "अहो, त्यांनीच सांगून ठेवलं होतं, मला कॅथीड्रलमध्येच ठेवा म्हणून." हे मी अद्याप घरी बायकोलाही सांगितलेले नाही. माझा विश्वास बसत नाही, आणि झोपही लागत नाही. हे खरे असेल, तर कृपया उत्तरात लिहू नये. निर्णय कार्यालयाचा होता, एवढेच सहीशिक्क्यानिशी द्यावे. ते मी चर्चच्या दारावर लावीन. आपल्यावर जन्मभर रागावणे बेटाला सहज जमेल. त्यांच्यावर रागावण्याची पाळी आमच्यावर आणू नये, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
बार्टली कॉनीली
(बिशपसाहेबांचा शेजारी)
इनिशदारा, ९ मार्च १९८७