नकाशातली गिचमिड

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आज कामाला लागले. पिंप्राळ्यात फ्रेमचं दुकान, मागे छोटा कारखाना. जुन्या नकाशांच्या नकला छापून, फ्रेम करून हॉटेलांच्या नि बंगल्यांच्या भिंतींसाठी विकतात. त्या कॉम्प्युटरवर साफ करायचं काम माझं. मालक जितेंद्रभाऊ बोलायला गोड. आईला गावी ठेवून धुळ्यात कोर्स केला, तिथं नुसत्या लग्नपत्रिका केल्या. इथं पहिल्याच दिवशी दीडशे वर्षांपूर्वीचा खानदेश समोर आला. सातपुडा सुरवंटासारखा काढलाय, तापी त्याच्या पायाशी. हरखून गेले.

२४ फेब्रुवारी, सोमवार
फ्रेम कापणारा बिजला डोंगरपायथ्याचा. नकाशा इंग्रजीत, म्हणून त्यानं मला त्याचं गाव शोधायला लावलं. अर्ध्या तासानं सापडलं. भुशानं माखलेलं बोट ठेवून म्हणाला, "पुनमताई, हाई मन्हं गाव शे,            ." मग पॉलिशवाल्या बायकोला, रुपलीला, हाताला धरून दाखवायला घेऊन आला.

५ मार्च, बुधवार
धुळ्याजवळच्या एका हॉटेलची मोठी ऑर्डर. भाऊ म्हणाले, डोंगराकडची बारीक नावं गिचमिड दिसतात, काढून टाक. भिंतीवर कोण वाचतंय. बिजलानं ऐकलं. हात पुसत आला.
"मन्हं तेवढं राहू द्या, ताई."
मी हो म्हटलं. संध्याकाळी भाऊ मागे येऊन उभे राहिले, एकच कशाला ठेवलंस म्हणाले. काढलं. ब्रश मोठा केला नि अख्खी डोंगरपट्टी साफ करून टाकली. हात सफाईदार आहे म्हणाले. मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

१० मार्च, सोमवार
बिजला होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला गावी गेला होता. आज परत आला, अंगावर नवा सदरा तसाच. सांगत होता, रावेरच्या स्टँडवर त्याचं गाव कोणालाच माहीत नाही. पायी गेला. नाला आहे, मोहाची झाडं आहेत. घरं नाहीत. पडलेली नाहीत, जळालेली नाहीत. कधी नव्हतीच अशी जमीन. पिऊन आलास म्हणून भाऊंनी त्याला घरी पाठवलं. कुठल्या घरी? मी मान खाली घालून काम करत राहिले.

११ मार्च
रुपलीला गावाचं नाव विचारलं. तिला आठवेना. रडत होती, पण कशासाठी ते सांगता येईना.
नाव परत टाकायचं ठरवलं. मूळ स्कॅन उघडला. तिथंही कोरं. या डायरीतलं चोवीस फेब्रुवारीचं पान काढलं. मी नाव लिहिलं होतं, नक्की लिहिलं होतं. तिथं नुसती रिकामी जागा.

१२ मार्च
बिजला आला नाही. भाऊंना विचारलं. कोण बिजला, म्हणाले.
रुपली पॉलिश करत होती. तिनंही तेच विचारलं.

१३ मार्च
आईचा फोन लागत नाही. कालपासून. आमचं गाव त्याच पट्टीत — ब्रश फिरवताना मी वाचलं नव्हतं. एकही नाव वाचलं नव्हतं —
रावेरहून गाडीत बसलेय. डोंगर दिसतोय. गावाचं नाव घोकतेय, तोंडातून सुटू द्यायचं नाही. आई दारात — आमचं दार कुठल्या —
कंडक्टर आला. कुठलं तिकीट, विचारतोय. मी म्हटलं,