मी सांगायची, ते छापायचे

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

बंद पडला. परत दाबला.

मी जरा श्वास घेतला की ह्या फोनला वाटतं, म्हातारी संपली. निकितानं — माझी नात, लोणी देवकरच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर असते — ह्यात रोजनिशीचं पान करून दिलंय. माईकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं. अक्षरं तो काढतो, तारीखही आपली आपण घालतो. कुलूप मात्र मी काढायला लावलं. उघडायला दर वेळी बोटानं नक्षी कोण काढत बसणार?

"आजी, मधी थांबू नगं. सलग बोलत राहा."

"सलग बोलायला मी काय लग्नातला लाउडस्पीकर हाय?"

थांबल्याशिवाय पुढचं सुचतं कसं माणसाला? आमचं विजेचं टाइपरायटर थांबायचं. मी गप्प झाले तरी त्याची मोटर आपली गुं… चालू. येऊ दे सावकाश, मी हितंच हाय, असं म्हणल्यासारखी.

सारा जन्म मी सांगायची आणि आमचे हे छापायचे. दिवाळीनंतर ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. छापणारा खाटेवर पडला, पण सांगणारीची सवय थोडीच पडते? ती कुठं नेऊन ठेवू? म्हणून हे पान.

मला अक्षर एक येत नाही. म्हणजे हे मीसुद्धा वाचणार नाही. याहून खाजगी काय असतं?

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज नुसतंच बंद पडणं चाललंय. सांगायचं होतं ते भाजीबरोबर करपलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज बरं ऐकतोय. तर टेबलाचं सांगते.

सासरे मेंढरं घेऊन हिंडायचे. त्यांच्या पोटी हे — बारामतीला जाऊन टायपिंग शिकून आले. सासरे विचारायचे, "गेणू, बोटं बडवून पोट भरतं व्हय रं?" भरलं. इंदापूरला कचेरीच्या बाहेर लिंबाखाली टेबल टाकलं, आणि भरलं.

आधी हातानं बडवायचं मशीन होतं. त्याचा आवाज म्हणजे पत्र्यावर गारा. मग विजेचं आणलं. शेजारच्या चहाच्या हॉटेलातून वायर ओढली. बोट नुसतं टेकवायचा अवकाश. आत एक चकती होती, सूर्यफुलासारखी. प्रत्येक पाकळीवर एक अक्षर. फूल गर्रकन फिरायचं आणि हवी ती पाकळी कागदावर आपटायची. मी तासन् तास बघत बसायची. वाचता येत नसलं तरी फूल कुणालाही बघता येतं.

मी जायची डबा घेऊन. बायका अर्ज करायला यायच्या आणि पदराचं टोक तोंडात धरून उभ्या राहायच्या. हे विचारायचे, काय लिहू? बाई गप्प. परक्या पुरुषाला काय सांगणार? ह्यांचं तोंडही असलं की जसं काही अर्ज ह्यांच्याच विरुद्ध हाय. शेवटी एक दिवस मीच म्हणलं, "बाई, माझ्या कानात सांग." तिथून सुरू झालं. तिनं माझ्या कानात सांगायचं, मी ह्यांना सांगायचं, ह्यांनी मशीनला.

ती सांगायची, दारू पिऊन येतो आणि बडवतो. मी सांगायची, अर्जदारास वारंवार मारहाण होत आहे. त्यामुळं आजही सांगायला बसले की माझी भाषा जरा इस्तरी करून येते. एरवी मी अशी बोलत नाही, माझ्या सुनेला, अनिताला विचारा.

आणि लाइट जायची! विजेचं मशीन आणि शेतातली मोटर, दोघांचं नशीब सारखंच. लाइट गेली की हे हात उचलून मांडीवर ठेवायचे. गुणगुण बंद. अर्ज अर्धा. मग ती बाई आणि मी नुसत्या बसून. आणि अशा वेळी बायका खरं बोलायच्या.

कन्हेरीची एक आली होती, बांधाच्या भांडणाचा अर्ज घेऊन. लाइट गेली. तशी म्हणली, "बांधाचं जाऊ द्या मावशी. मला माहेरी जायचंय. कायमचं." हे तर पलीकडं तोंड करून बसलेले. लाइट आली, मोटर घुमली, आणि ह्यांनी न विचारता बांधाचा कागद ओढून काढला. कोरा लावला.

मी एक शब्दही सांगितला नव्हता.

आता तिथं कॉम्प्युटरचं दुकान हाय. अर्ज आधीच तयार असतो, माणूस त्यात बसवतात. नाव, गाव, कारण, सही. आणि तिथली लाइट कधी जात नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आमच्या गावातला विजयसिंह येऊन गेला. हायवेला नवीन हॉटेल काढलंय त्यानं. तिथं जुन्या वस्तू मांडायच्या आहेत — जातं, कंदील, रेडिओ. आमचं मशीन पाहिजे त्याला.

"काकू, काचेत ठेवतो. लोकं फोटो काढतील."

"मलापण बसव काचेत. मीपण जुनीच हाय."

हसला. रामहरी — माझा ल्योक — हसला नाही. त्याला मशीन द्यायचंय. अनितालाही. "आत्याबाई, ते पुसून पुसून माझा पदर झिजला," म्हणते. खरं हाय. पण दर खंडेनवमीला तीच झेंडू वाहते त्याला, मी सांगायच्या आधी. एका खंडेनवमीला माझ्या हातनं कुंकू आत सांडलं होतं, तर आठवडाभर साहेबाकडं लाल डागांचे अर्ज गेले. हे सगळ्यांना सांगत सुटले, नवीन सरकारी शिक्का हाय म्हणून.

रामहरी म्हणला, "आये, आबासाठी ठेवायचं म्हणतीस. पण आबाला आता काय कळतंय?"

"सगळं कळतंय."

"कशावरनं?"

कशावरनं म्हणून विचारतोय. मला!

डॉक्टर म्हणले होते, डाव्या हातात जोर आहे, पण आत किती समजतं ते सांगता येणार नाही. हात दाबा म्हणलं तर दाबत नाहीत. हाक मारली तर बघत नाहीत. मी भरवते तेव्हा नजर भिंतीला. माझ्याकडं एकदा वर बघावं, दुसरं काही मागत नाही मी.

शेवटी मीच बोलले. मशीन चालू करू. त्याचा आवाज ऐकून ह्यांनी मान वळवली तर ते घरात राहील. नाही वळवली तर विजयसिंहला देऊन टाका.

बोलताना मोठा जोर होता. आता सारखी जाऊन ह्यांची मान बघून येतेय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज भरवताना माझ्याकडं बघितलं. माझ्या मागं माशी असेल.

रविवार, १६ फेब्रुवारी

बारामतीहून अप्पा आला. आधी टाइपरायटर दुरुस्त करायचा, आता प्रिंटर करतो. मशीनचं झाकण उघडून फुंकर मारली आणि म्हणला, "लई दिवसांनी भेट झाली गड्या." मशीनला म्हणला, मला नाही.

आत एक वायर उंदरानं खाल्ली होती. ती जोडली. शाईची फीत वाळून कडक झालेली, ती आता कुठं मिळत नाही म्हणे. मी म्हणलं, "छापू दे नायतर न छापू दे, नुसतं बोलायला लाव त्याला."

सगळे खाटेभोवती जमा झाले. रामहरी, अनिता, विजयसिंह. निकिता फोन उभा धरून शूटिंग करायला. सत्यनारायणाला जमतात तसे. अप्पानं बटण दाबलं.

गुं…

काय सांगू! सगळं इंदापूर घरात आलं. लिंबाचा पाला, हॉटेलातला चहा, अर्जाला डकवायच्या तिकिटांचा वास. मला वाटलं, आता वाऱ्यानं कागद उडेल म्हणून हे हात ठेवतील.

हे भिंतीकडं बघत होते.

अप्पानं दोन-चार अक्षरं हाणली. फूल फिरलं. कागदावर काही उमटलं नाही, पण आवाज तोच.

भिंतीकडंच.

"आबा," निकितानं हाक मारली. "ओ आबा, बघा की तुमचं मशीन." मग तिनं शूटिंग बंद केलं. कुणी कुणाकडं बघेना. विजयसिंह हळूच म्हणला, "काकू, राहू द्या. मला घाई न्हाय."

मी म्हणलं, "परवा सकाळी टेम्पो आण. शब्द दिलाय मी."

सोमवार, १७ फेब्रुवारी

दुपार. अनिता शेतात, बाकीचे कामाला. हे झोपलेत. मी ओट्यावर येऊन बोलतेय. बंद पडू नकोस बाबा आज.

काल सगळ्यांना वाटलं, म्हातारीला मशीनचं वाईट वाटतंय. मशीनचं वाटतंच. पण माझा जीव दुसऱ्या गोष्टीला घाबरतोय. रामहरी म्हणतो तेच खरं असलं तर? दिवाळीपासून मी त्या खाटेशी बडबडतेय. शेवग्याला किती शेंगा आल्या, पिंपळीत कुणाचं लग्न ठरलं, अनितानं आमटीत किती मीठ घातलं. ऐकायला तिथं कुणी नसेलच तर मी कुणाला सांगत होते?

माझं असं एकही सांगणं ह्यांनी कधी छापलं नाही. सगळे अर्ज दुसऱ्या बायकांचे. एकदा लाइट गेली होती तेव्हा वाटलं होतं, आज आपलं काहीतरी सांगावं. काय ते ठरलेलं नव्हतं. तक्रार म्हणाल तर नव्हती. नुसतं, ह्यांनी मान वर करून विचारावं, काय लिहू? आणि मी पदराचं टोक तोंडात धरून उभं राहावं. तेवढ्यात लाइट आली आणि गिऱ्हाईकही आलं. मग राहिलंच.

ते राहिलेलं आता फार आठवतं.

अजून एक. उद्या मशीन जाईल, पण अक्षरांचं फूल मी दिलेलं नाही. सकाळी झाकण उघडून काढून घेतलं. काचेतल्या मशीनला अक्षरं कशाला पाहिजेत? माझ्या उशीत शिवून ठेवलंय, आतल्या कापसात खोल. कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर रामहरी म्हणेल, आये, त्याच्याशिवाय मशीन अर्धवट राहतंय.

राहू दे अर्धवट. आम्ही कुठं पुरे राहिलोय?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सकाळी ह्यांचं तोंड पुसायला गेले तर डावी मूठ घट्ट आवळलेली. उघडेना. एक एक बोट सोडवलं. आत फूल.

माझी उशी उसवलेली. माझी बाज ह्यांच्या खाटेला लागूनच, डावा हात पोचतो. पण उशीत बघायचं हे सांगितलं कुणी? रामहरीला माहीत नव्हतं. अनिताला, निकिताला नव्हतं. मी बोलले होते ते ह्या पानापाशी.

आणि हा फोन रोज रात्री चार्जिंगला कुठं असतो? प्लग ह्यांच्या उशाशीच हाय.

विजयसिंहला टेम्पो रिकामाच परत न्यायला लावलाय. रामहरी ओट्यावर बसून डोळे पुसतोय. त्याला बसू दे तिथं.

तुमी वाचत होता व्हय? पहिल्या दिवसापास्नं? माणसं जमवून परीक्षा घेतली म्हणून मान वळवली न्हाय, असंच ना?

आज फोन उशाला ठेवणार न्हाय. हातात देणार हाय. माझ्या देखत वाचा.