आईची जागा

एर्लनरोड, १२ सप्टेंबर १६२८

ती. बुर्कहार्टदादास,
धाकट्या प्लोनीचा सा. न. वि. वि.

इथं सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. नवे कॅथलिक पाद्री आले. ल्यूथरचा पंथ सोडा, नाहीतर नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या सणाआधी गाव सोडा, असं त्यांनी चर्चच्या पायरीवरून वाचून दाखवलं. आमचे एंद्रेस म्हणाले, आधी पीक घरात येऊ द्या, मग आत्म्याचं बघू. कोणी हसलं नाही.

पण लिहितेय ती आईसाठी. चर्चच्या आवारात पुरलेले ल्यूथरच्या पंथाचे आपले लोक उकरून बाहेर काढणार आणि मग ती जमीन नव्यानं पवित्र करणार म्हणे. ते काम सहायक बिशपांचं. म्हणजे तुझंच ना? आईला जाऊन अजून वर्ष झालं नाही. तुझी किती चेष्टा करायची ती! आमचा बुर्कहार्ट नावापुरता तुर्कांच्या मुलखातल्या कुठल्याशा गावाचा बिशप आहे, तिथल्या शेळ्यासुद्धा त्याला ओळखत नाहीत, म्हणायची. पण दुसऱ्या कोणी तुझ्याबद्दल वाकडा शब्द काढला, की त्याची धडगत नसायची.

तिला हलवू देऊ नकोस, दादा. धाकटीवर आहे ती माया तशीच असू दे.

तुझी,
प्लोनी


रोटेनाउ, २ ऑक्टोबर

चि. प्लोनीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आमचे थोरले बिशप शिकारीला गेले की त्यांची सगळी कामं माझ्या गळ्यात. कुठे मुलांच्या दृढीकरणाचा विधी, कुठे नव्या घंटेला अभिषेक. त्यात पायाचा अंगठा सुजून सलगमाएवढा झालाय. तू असतीस तर हसली असतीस आणि मग शेक दिला असतास.

आईबद्दल. नियम मी केलेला नाही आणि मोडायचा अधिकारही मला नाही. एकच वाट दिसते. मरताना तिनं कॅथलिक पाद्रींना बोलावलं होतं, ते वेळेत पोचले नाहीत, अशी साक्ष कोणी दिली, तर या कामावर नेमलेले आयुक्त तिच्या कबरीला हात लावणार नाहीत. तिच्या उशाशी तूच होतीस. मला काय म्हणायचंय ते तुला कळलं असेल. याहून जास्त लिहिणं बरं नाही.

एंद्रेसना नमस्कार सांग. मला विसरू नका.

तुझा दादा,
बुर्कहार्ट


एर्लनरोड, ३० ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

तू सुचवलंस तसं सांगितलं. आयुक्तांनी मला बसायला खुर्ची दिली. आई आहे तिथंच आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या कबरींतली माणसं काढून गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकली.

पण पुढचं तू लिहिलं नव्हतंस. रविवारी पाद्रींनी माझी साक्ष भर चर्चमध्ये वाचली. आईचं नाव घेऊन, म्हातारी बार्बारासुद्धा शेवटी परत आली, मग तुम्ही कोण लागून गेलात, असं विचारलं. गाव सोडायला विणकर युर्गची गाडी भरून उभी होती. त्यानं रडत रडत सामान उतरवलं. ती बाई वाकली तिथं माझं काय, म्हणाला. त्याच्यामागून निम्मं गाव कॅथलिक झालं. मी विहिरीवर गेले की बायका बादल्या उचलून चालू लागतात. एंद्रेस माझ्याशी बोलतात, पण नुसतं गुरांबद्दल.

तू येणार असं कळलं. ये.

प्लोनी


रोटेनाउ, ९ नोव्हेंबर

चि. प्लोनीस, आशीर्वाद.

काल तुमच्याकडची जमीन पवित्र केली. गर्दीत तुला शोधत होतो, तू दिसली नाहीस. आईपाशी माझा पाय अडखळला. लोकांना वाटलं, दुखऱ्या अंगठ्यामुळे.

तुझी साक्ष पाद्रींनी पुन्हा वाचली. ती कुठून आली हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तरी ऐकताना मीच त्यावर विश्वास ठेवू लागलो. वाटलं, असेलही. तापात शेवटी ती काय बोलली, ते तू मला कधी नीट सांगितलंच नाहीस. खरंच म्हणाली होती का गं काही? मला एकट्याला सांग. वाट पाहतो.

दादा


न्यूरेंबर्ग, ४ डिसेंबर

दादा,

नाही. तिनं पाद्री मागितला नाही. तुला मागितलं. बुर्कहार्ट आला का, असं सारखं विचारायची. रस्त्यात असेल, असं मी म्हणत राहिले. त्याला कामं असतील, आल्यावर त्याच्यावर ओरडू नकोस, हे तिचं शेवटचं बोलणं. निरोप पाठवला होता. तू कुठल्याशा घंटेच्या अभिषेकाला गेला होतास.

गाव सोडलं त्या सकाळी मी विहिरीपाशी उभी राहून सगळ्यांना खरं सांगितलं. मग आयुक्तांनाही सांगितलं. तुझी बहीण म्हणून त्यांनी मला जाऊ दिलं. युर्गनं ऐकलं आणि दार लावून घेतलं. आता त्याला मागं फिरता येत नाही.

आईला उकरून काढायचा हुकूम तुझ्यापुढं येईल. मी काही मागत नाही. काल जेवताना एंद्रेसनी पाव मोडून माझ्यापुढं ठेवला.

प्लोनी


रोटेनाउ, १५ जानेवारी १६२९

प्रिय प्लोनी,

हुकूम आला. मी सही केली. मी नाही तर दुसऱ्या कोणी केली असती, असं इथं लिहिलं होतं, ते खोडलं.

मी स्वतः गेलो. जमीन गोठलेली होती, जाळ करून मऊ करावी लागली. तिला खड्ड्यात टाकू दिलं नाही. तुमच्या बागेत, नाशपातीच्या झाडाखाली जागा खणवली. मजूर यायला तयार होईनात, तेव्हा युर्ग फावडं घेऊन आला. माती लोटून झाल्यावर त्यानं विचारलं, काही म्हणायचं का. तुमच्या पंथाच्या माणसासाठी प्रार्थना म्हणायला मला मनाई आहे, असं मी सांगितलं. मग त्यानंच तुमच्यातलं एक बंदी घातलेलं भजन हळू आवाजात म्हटलं. मी टोपी काढून ऐकलं. हे मी कोणाला कळवलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात आणखी तीन गावांत हेच काम आहे. मी जाणार आहे.

उत्तर दे असं म्हणत नाही. हे पत्र तेवढं परत पाठवू नकोस, इतका लोभ ठेव.

बुर्कहार्ट