मावशींच्या भिंतीवरची रेघ

मंगळवार, संध्याकाळ

चूक माझीच. मावशींच्या नव्या घराचं कोटेशन द्यायच्या आधी मांजर्लीला जाऊन घर बघायला हवं होतं. मी व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंवरून भाव काढला. वर म्हणालो, "मावशी, सगळं धरून सांगतोय." काम हातातून जाईल ही भीती, दुसरं काय!

आज जुनं घर पाडायच्या आधी मापं घ्यायला गेलो. मावशी रिटायर्ड नर्स, घरात एकट्याच. त्यांनी मला कपाट सरकवायला लावलं. मागे भिंतीवर पेनाने मारलेली रेघ. म्हणाल्या, "पुराचं पाणी इथपर्यंत आलेलं. नवं जोतं याच्या वर घ्या हं."

रेघ माझ्या कमरेला लागत होती. मी जोतं धरलंय दोन फूट.

जोतं उंच करायला लागणारा वरचा भराव हिशेबातच नाही. सगळा नफा त्यात जाणार. हे एक्स्ट्रा पडेल, असं सांगणारच होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळं धरून म्हणालात ना, म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही."

चहा संपवला आणि पुढची मापं घ्यायला लागलो.

बायको म्हणते, अर्धे तरी मागा. मागू? जन्म बदलापुरात गेला माझा, नदीकाठच्या मांजर्लीत पूर येतो हे इथे पोरालाही ठाऊक. सिमेंट धरलं, सळई धरली, मजुरी धरली, आणि मांजर्लीच्या घराला पाणीच धरलं नाही!

नाही मागत. उद्या नव्या जोत्याच्या उंचीची दोरी रेघेच्या वीतभर वर बांधतो.

निघताना मावशींनी कपाट परत जागेवर ढकलायला लावलं. रेघ झाकली गेली. मला मात्र अजून कमरेपाशी ओलं वाटतंय.