दादाच्या नावानं मागितलेलं दूध

निपाणी,
९ डिसेंबर २०२४

हारूणदादास,

जैतूनचा सलाम. आम्ही सगळे बरे आहोत. थंडी यंदा लई आहे. वहिनीच्या गुडघ्याला उतार पडला असेल. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र शेजारच्या जिनेंद्रच्या हाती अनगोळला धाडते. त्याला चहा तरी पाज. माझा राग त्याच्यावर काढू नकोस.

अम्माच्या चाळिसाव्याला मामूंनी, पोरानं शेवटी फोन करून आईची माफी मागितली म्हणून, तुझं कौतुक केलं, ते तुझ्या कानावर गेलं. लगेच तुझा निरोप आला: जैतून खोटं बोलली, तिनं नातेवाइकांसमोर कबूल करावं, डाव्या खांद्यावरचा फरिश्ता एकेक पाप लिहून घेतोय. घेऊ दे की. त्याचं कामच ते.

बोलले मी खोटं. चार वर्षांपूर्वी उंबऱ्यात उभा राहून तू अम्माला म्हणालास, "मेलीस तरी येणार न्हाय." जन्मात तेवढा एकच शब्द पाळलास. शेवटचे तीन दिवस तिचा जीव घुटमळत होता. जाणाऱ्या आईकडून लेकरांनी दूध बख्शवून घ्यायचं, तिनं पाजलेल्या दुधाची माफी मागायची, ही आपली रीत. मी मागितली. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि नजर पुन्हा दाराकडे. मग मी बंद मोबाइल कानाला लावला आणि सांगितलं, दादा रडतोय, दूध बख्श म्हणतोय.

"बख्शलं म्हणावं. समदं बख्शलं," ती म्हणाली. "रडू नगं म्हणावं त्याला."

दुपारच्या अजानआधी ती गेली.

मदरशात आपण एकाच चटईवर शिकलो, दादा. डावीकडचा लगेच लिहीत नाही, माणूस पस्तावून तौबा करील म्हणून कलम धरून थांबतो. माझ्यासाठी त्यानं थांबू नये. मी तौबा करणार नाही. कयामतीला विचारलं तर तिथंही हेच सांगीन.

आणि तुझ्यावर उपकार केले असंही समजू नकोस. मला तुझा राग तेव्हाही होता, आजही आहे. फक्त तिला तसं दाराकडे बघत जाऊ द्यायचं नव्हतं.

चारचौघांत मी एवढंच सांगेन, अम्मानं तुला बख्शलं. ते खरं आहे. माझं खोटं खुपत असेल तर कबरस्तानात जा, मला बाईला तिथं जाता येत नाही. तिच्या उशाशी बस आणि स्वतःच्या तोंडानं माग.

तुझ्या वाटचं रडलेली,
तुझी धाकटी बहीण
जैतून